कोड नसलेला दिवा

हे लिहिणारच नव्हतो.

गॅरेजवर कोणी विचारलं की मी अर्धीच गोष्ट सांगतो. ती अर्धी चांगली आहे, ऐकणारा चहा संपवतो आणि खूश होऊन जातो. उरलेली अर्धी मला आणि भूषणला माहीत आहे, बास. भूषण म्हणाला, लिहायचं तर सगळं लिही, नाहीतर राहू दे. म्हणून मोबाइलवर टाइप करतोय. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की परत सुरू. तुटक वाटेल.

मी अमोल. लिंबायतला गाड्यांचं वायरिंग करतो. आयटीआय वगैरे काही नाही. आधी मोबाइल रिपेअर करायचो, मग व्हिडिओ बघून बघून गाड्यांवर आलो. आणि थोडं पोपटकाकांकडून शिकलो. तार कुठे तुटली ते शोधायचं असेल तर मधून सुरुवात करायची, टोकापासून नाही, हे त्यांनी सांगितलेलं. व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पोपटकाका म्हणजे भूषणचे बाबा. भूषणचं खरं नाव बुद्धभूषण, पण एवढं मोठं नाव फक्त विहारात घेतात. काका लूम मास्टर होते. लूम, म्हणजे कापडाचा माग, बंद पडला की चालू करून देणारा माणूस. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला लूमचे कारखाने आहेत, दिवसरात्र खटाखट चालू असते, आम्हाला ती ऐकूपण येत नाही. काका मात्र रस्त्यावरून चालता चालता थांबायचे आणि म्हणायचे, आतला तिसरा लूम बरोबर नाही. आत जाऊन बघावं तर खरंच काहीतरी निघायचं.

गावाला जायला स्वतःची गाडी पाहिजे म्हणून त्यांनी जुनी पांढरी व्हॅन घेतली. मागच्या सीटच्या मागे गॅसचा सिलिंडर, पेट्रोलऐवजी गॅसवर चालायला बाहेरच्या मेकॅनिककडून बसवून घेतलेला. गाडी आली त्या दिवशी गल्लीतले लोक लिंबू-मिरची घेऊन आले, एक जण काळा दोरा घेऊन आला. काकांनी हात जोडले. विहारात उभं राहून बोलणारा माणूस तो. म्हणाले, "दोऱ्याने गाडी चालत नसते रे बाबांनो. नट आवळलेले असले की चालते." दोरा आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवला.

गेल्या वर्षी काका कारखान्यातच गेले. लूमशेजारी उभे होते, खाली बसले, उठले नाहीत.

व्हॅन वर्षभर कोसाडला भूषणच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. भूषण पांडेसराच्या एका डाइंग मिलमध्ये कलर लॅबला आहे, बाइकने जातो. गाडी बाहेर काढली ती काकांच्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी. गावाला, साक्रीच्या बाजूला, पुण्यानुमोदन ठेवलं होतं. रविवारी. भूषण, त्याची आई काशीबाई, बहीण निशा, आणि निशा पोटुशी. नवापूरपुढे कोंडाईबारीचा घाट चढून जायचं.

आणि चेक लाइट लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की पेटतो, गाडी सुरू झाली की विझतो. चालत्या गाडीत पेटला तर समजायचं गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं सापडलं. काय सापडलं त्याचा तो कोड लिहून ठेवतो. आम्ही स्कॅनर लावतो, कोड वाचतो, तो पार्ट तपासतो. सरळ काम.

भूषण बुधवारी गाडी घेऊन आला. स्कॅनर लावला. कोड नाही.

असं होतं कधी कधी. कोणी बॅटरी काढली असेल तर कोड पुसले जातात. बॅटरी बघितली, ठीक. माझा स्कॅनर स्वस्तातला आहे म्हणून उधन्याला ओळखीच्याकडे नेली, त्याच्याकडे मोठं मशीन. तिथेपण काही नाही. सेन्सर बघितले, प्लग बघितले, गॅस बघितला, पेट्रोलवर चालवून बघितली. इंजिन एकदम मस्त. उधन्यावाला म्हणाला, "लाइट चढी गई छे मगजमां तारा दोस्तने." म्हणजे दिवा गाडीत नाही, तुझ्या मित्राच्या डोक्यात आहे.

कारण आम्ही चालवली की तो लागायचाच नाही. भूषण एकटा चालवायचा तेव्हापण नाही. आई मागे बसली की लागायचा.

हे भूषणने मला लगेच सांगितलं नाही. गुरुवारी सांगितलं, तेही पान टपरीच्या मागे नेऊन. मावशी, म्हणजे भूषणची आई, मागच्या सीटवर डावीकडे बसतात. वळणावर दिवा लागतो. आणि लागायच्या आधी मावशींना मागून टक असा आवाज येतो. काका चुन्याची डबी अशी टक करून सीटच्या दांड्यावर आपटायचे, वळण आलं की. सावकाश, असं सांगायला. आवाज झाला की मावशी पुढे वाकून भूषणला सांगतात.

"काय सांगतात?"

भूषणने इकडे तिकडे बघितलं. "तुना बाप मांगे बठेल शे."

घरात ते अहिराणीच बोलतात. म्हणजे तुझा बाप मागे बसलाय. मी हसलो. भूषण हसला नाही.

त्याचा त्रास मला कळत होता. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सांगितलं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्याच वर्षाच्या कार्यक्रमाला त्याची बायको सगळ्या नातेवाइकांसमोर सांगणार की तो गाडीत बसून आला. भूषणने दुसरी गाडी ठरवतो म्हणून बघितलं. मावशी म्हणाल्या, तुम्ही जा तिच्यात, मी हिच्यातच जाणार. निशा म्हणाली, आई ज्या गाडीत मी त्या गाडीत.

"तू एक काम कर," भूषण म्हणाला. "काळी टेप लाव त्या दिव्यावर. दिसलाच नाही तर ती बोलणार नाही."

हे काम मी केलेलं आहे. लपवत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात रोज होतं. इंजिन चांगलं होतं, दोन मशीनांनी सांगितलं होतं. मी मीटरची काच काढली, टेपचा रोल शोधून ठेवला. पण लावायच्या आधी भूषणला म्हणालो, आईला घेऊन ये एकदा, चालत्या गाडीत पेटलेला मला बघू दे.

मावशी शनिवारी दुपारी आल्या. त्या दिवशी गल्लीत लाइट गेलेली, कसलं तरी काम चाललं होतं. सगळे लूम बंद. मी लहानपणापासून तिथे आहे, पण ती शांतता मला अजून सहन होत नाही. कान दुखायला लागतात. कामगार ओट्यावर बसलेले, तेपण हळू बोलत होते, उगाचच.

मावशी मागे डावीकडे बसल्या. पदर नीट केला, पिशवी मांडीवर घेतली. रिकाम्या उजव्या बाजूला त्यांनी बघितलंपण नाही, पण पिशवी तिकडे ठेवली नाही. जागा सोडून बसतो ना आपण, तशा बसल्या.

मी पुढे, स्कॅनर लावून, टेपचा तुकडा कापून अंगठ्यावर चिकटवलेला. भूषण चालवायला. इंजिन सुरू, दिवा विझला. गल्लीतच गाडी पुढे घेतली आणि कोपऱ्यावर उजवीकडे वळवली.

टक.

मी ऐकला. लूम चालू असते तर ऐकू आला नसता. पत्र्यावर नखाने मारल्यासारखा. आणि दिवा पेटला. आवाजाबरोबरच, मध्ये काही वेळ गेलाच नाही.

मी स्कॅनरकडे बघितलं. त्यात एक ओळ असते, सहसा कोणी वाचत नाही. कॉम्प्युटरने दिवा चालू केलाय की बंद ठेवलाय, तेवढं सांगणारी ओळ. तिथे लिहिलं होतं, बंद.

समोर दिवा पेटलेला. कॉम्प्युटर म्हणतो, मी पेटवलेला नाही.

मग डोकं चाललं. गाडी जुनी आहे, त्या दिव्याला स्वतःची एक तार आहे. ती तार कुठेही बॉडीला टेकली की दिवा पेटणार, कॉम्प्युटरला कळणारपण नाही. म्हणजे कोणीतरी मध्ये हात घातलाय. आणि आवाज मागून आला होता. मी भूषणला म्हणालो, गाडी लाव. मावशींना म्हणालो, जरा उतरता का, सीट काढतो.

मावशी उतरल्या आणि खाली सावलीत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "हळू काढ."

सीट उचलली. मागे सिलिंडर, धुळीने भरलेला. आणि त्याच्याभोवती दोरा. पांढरा, बारीक, इकडून तिकडे आडवा ताणलेला, सिलिंडरला एक वेढा घालून बाजूच्या पत्र्याकडे गेलेला.

भूषणचा चेहरा असा झाला की मी मागे सरकलो. तो म्हणाला, कोणी बांधलाय हा? बाबांच्या गाडीत? शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणाचं तरी नाव घेतलं, करणीबिरणी करतात अशी बोलवा असलेलं. ज्याचा करणीवर विश्वास नाही तो माणूस दात खाऊन दोरा तोडायला आत घुसला.

आणि दोऱ्यावर बोट ठेवून तसाच थांबला.

"अम्या. टॉर्च."

गाठ होती. एवढीशी. दोन्ही शेपट्या अगदी मुळापासून कापलेल्या. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की जी गाठ मारतात ती. शेपटी लांब राहिली तर फणीत अडकते म्हणून कापतात. पण दोरा बांधताना कोण शेपट्या कापतं? ज्याचा हात आयुष्यभर तेच करत आला तोच.

"ही बाबांची गाठ आहे," भूषण म्हणाला.

मग बाकीचं दिसायला लागलं. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पोलादी पट्टी टांगलेली, भोक पाडलेली, बोटाएवढी. लूमवर तिला ड्रॉपर म्हणतात. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक लटकवलेला असतो. धागा ताणलेला असेपर्यंत ड्रॉपर वर. धागा तुटला किंवा सैल पडला की तो खाली पडतो, खालच्या पट्टीला टेकतो, आणि लूम आपोआप थांबतो. हजारो धाग्यांवर माणूस नजर ठेवू शकत नाही, म्हणून ते काम ड्रॉपर करतो.

इथे ड्रॉपरखाली तांब्याची पट्टी होती, आणि पट्टीपासून एक लाल तार गालिच्याखालून पुढे गेलेली. मीटरकडे.

मी सिलिंडरला हात लावला. हलला.

गॅसचा भरलेला सिलिंडर एका हाताने हलला. तो ज्या पट्ट्याने धरलेला असतो त्याचा एक नट नव्हताच. दुसरा शेवटच्या आट्यांवर. गाडी उजवीकडे वळली की सिलिंडर डावीकडे सरकायचा, मावशींच्या पाठीकडे. दोरा सैल व्हायचा, ड्रॉपर पडायचा. टक. मागे मावशींचं वजन असलं की सीटखालचा पत्रा दबायचा आणि ड्रॉपर तांब्याच्या पट्टीपर्यंत पोचायचा. कोणी नसलं की पोचायचा नाही. गॅसची नळीपण ओढली जाऊन सांध्याला पांढरी पडलेली.

रविवारी घाट. मागे मावशी आणि निशा.

भूषण सीट टेकवून ठेवली होती तिथेच खाली बसला. माझ्या अंगठ्यावर अजून टेप होती. मी ती शर्टाला पुसली.

मावशींना सगळं समजावून सांगितलं. ड्रॉपर त्यांना सांगायला लागत नाही, त्यांनी स्वतः बॉबिन भरल्यात. त्यांनी वाकून दोरा बघितला, गाठीला बोट लावलं आणि भूषणला म्हणाल्या, "आते पटनं का?"

भूषण म्हणाला, "माय, हा दोरा आहे. बाबा नाहीत."

मावशी म्हणाल्या, "माले माहीत शे." आणि पिशवीतून डबा काढला, कारण दुपार झाली होती आणि आम्ही जेवलो नव्हतो.

संध्याकाळी सिलिंडर गॅसवाल्याकडे नेऊन नवीन पट्टा, नवीन नट, नवी नळी, लीक टेस्ट, सगळं केलं. दोरा काढू दिला नाही भूषणने, तसाच नव्याने ताणून बसवला, गाठ तीच ठेवली. दिवा विझलेला. रविवारी ते गेले. घाटात काही नाही. कार्यक्रम चांगला झाला, भूषणने दोऱ्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि म्हणे म्हातारे लोक रडले. जाऊन परत आले.

गॅरेजवर मी इथेच थांबतो. लोक म्हणतात, वा, काय माणूस होता.

आता पुढचं.

ते परत आल्यावर भूषण गाडी माझ्याकडे सोडून गेला. घाईत सीट बसवली होती, लाल तार गालिच्याबाहेर लोंबत होती. मी म्हटलं नीट क्लिप मारून टाकू. मागून धरून पुढे आलो, दरवाज्याच्या कडेने, डॅशखालून, मीटरच्या मागे. मीटर बाहेर काढला.

तारेचं टोक तिथे होतं. दुमडून, टेप गुंडाळून, बाजूच्या वायरिंगला खोचून ठेवलेलं.

मला वाटलं निसटलं असेल, मीच काच काढताना ओढलं असेल. टेप उलगडली. कडक झालेली, वर धुळीचा थर, मीटरची मागची बाजू बरेच दिवस कोणी न उघडल्यासारखी. आत तारेचं प्लास्टिक सोललेलंच नव्हतं. तांबं दिसतच नव्हतं. मग दिव्याच्या तारेवर बोट फिरवून बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. कुठे कट नाही, सांधा नाही, जुन्या टेपचा चिकटपणा नाही. कंपनीतून आली तशी.

ती तार कधी जोडलेलीच नव्हती.

मी मागे जाऊन बोटाने दोरा सैल केला. टक. पुढे येऊन बघितलं. इंजिन चालू, दिवा बंद. परत केलं. बंद. एका कामगाराला मागे बसवून दोरा सैल करायला लावला आणि स्वतः मीटरसमोर बसलो. तो म्हणाला, भाई, हे काय चाललंय. टक, टक, टक. बंद.

मी चुकलो होतो ते मला कळलं. शनिवारी मला कारण सापडलं आणि मी तपासायचं थांबलो. टेस्ट लॅम्प लावलाच नाही. मधून सुरुवात करायची असं काका सांगायचे, मी एका टोकाला सुरू केलं आणि तिथेच खूश झालो.

भूषणला फोन केला. तो ड्यूटीवरून थेट आला, हाताला लॅबचा निळा रंग तसाच. मी टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते फिरवून बघितलं. मग मागे जाऊन दोरा सैल केला. टक. मी मान हलवली. तो पुढे आला आणि माझ्या शेजारी बसला.

बराच वेळ आम्ही काहीतरी शोधत होतो, तोंडाने. ओल असेल. गंज असेल. दुसरी कुठली तार वळणावर बॉडीला घासत असेल. असेलही. मी पूर्ण वायरिंग उघडायची तयारी दाखवली. आणि अजून सांगतो, मला नक्की माहीत नाही. वायरिंगमध्ये मला न सापडलेलं काही असू शकतं. पण ते आवाजाबरोबरच, त्याच क्षणाला, मावशी बसल्यावरच, आणि पट्टा आवळल्यापासून एकदाही नाही, असं काय असेल ते मला सांगता येत नाही.

भूषण म्हणाला, बाबा गेले त्या आठवड्यात घरी म्हणाले होते, गाडीचं एक काम करतोय, थोडंच राहिलंय, कारखान्याला सुट्टी असली की पुरं करतो. काय काम ते त्याने विचारलं नव्हतं.

"मावशींना सांगणार?" मी विचारलं.

तो म्हणाला, गावाहून परत येताना ती मागे ऐसपैस बसली होती. पिशवी उजव्या बाजूला ठेवून. त्याने विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उतरी गया." बास. पुन्हा विषय नाही. तिला आता ही तार दाखवून काय करू.

मी म्हटलं, ठीक आहे, पण मी आता टोक जोडून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. काकांचं राहिलेलं पुरं होईल, आणि पट्टा परत सैल झाला तर दिवा खरंच लागेल. कामाचं आहे ते.

भूषणने टोक सोडलं नाही.

"जोडलीस तर पुढच्या वेळी दिवा तारेने लागेल," तो म्हणाला. "मग मला कसं कळणार?"

"काय कळायचंय तुला? तू तर मानत नाहीस."

"नाही मानत. म्हणूनच."

त्याच्याकडे बघवेना म्हणून मी मीटरकडे बघितलं. नंतर तो म्हणाला की धोका त्यालापण कळतो. निशाचं बाळ येईल, ते पण याच गाडीत बसणार. दिवा लागेल या भरवशावर गाडी चालवायची नाही, आणि तार जोडायची पण नाही. दोन्ही कसं करायचं ते तू सांग, तू वायरमन.

मी सांगितलं.

दर पौर्णिमेला भूषण विहारात जातो, तिथून लिंबायत वाटेवर आहे. येताना गाडी घेऊन यायचं. मी सीट काढणार, पट्ट्याचे दोन्ही नट पान्याने स्वतः आवळून बघणार, सिलिंडर हाताने हलवून बघणार. गॅरेज बंद असलं तरी, लग्नकार्य असलं तरी, माझं त्याचं भांडण असलं तरी. दुसऱ्या कोणाला करायला लावणार नाही. आणि लाल तारेचं टोक मी सोलणार नाही, टेप परत गुंडाळून जिथे काकांनी खोचलं होतं तिथेच खोचून ठेवणार.

"आणि दिवा लागला तर?" भूषणने विचारलं.

"तर तू गाडी जिथे असेल तिथे थांबव आणि मला फोन कर. मी स्कॅनर आणणार नाही. पाना घेऊन येईन."

त्याने निळा हात पुढे केला. मी वचन दिलं.